जयंतीच्या रंगाआधी घराची डागडुजी

थंडी सरली. सकाळी अंगावर घेतलेली शाल नऊ वाजता नकोशी होते आणि दुपारी पत्रा तापायला लागतो. सातारा-सांगलीकडे होळीच्या आसपासचे हे दिवस असे अधलेमधले असतात. थंडी गेलेली असते, खरा उन्हाळा अजून यायचा असतो. आपल्या वस्त्यांमध्ये याच काळात बायका एकमेकींना विचारू लागतात, "यंदा रंग कुठला?" चौदा एप्रिलच्या आधी घराला हात फिरवायचा, ही आपली रीत आहे. दिवाळीला नसेल एवढी रंगरंगोटी जयंतीला होते. कर्ज काढून का होईना, पुढची भिंत निळी-पांढरी झालीच पाहिजे, असे प्रत्येक घराला वाटते.

ही रीत चांगलीच आहे. वर्षातून एकदा सगळे घर बाहेर निघते, कोपरे झाडले जातात, भिंत न भिंत हाताखालून जाते. फक्त एक अडचण आहे. आपण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घाईघाईने सुरुवात करतो आणि थेट रंगाला हात घालतो. पैसे समोरच्या भिंतीवर संपतात. तापणारा पत्रा, झाकण नसलेला बॅरल, सोललेली वायर आणि भिंतीच्या बुडाशी पडलेले भोक हे सगळे रंगाच्या मागे तसेच राहते. नर्स म्हणून काम करताना मार्च ते जून या महिन्यांत जे पेशंट पाहिले, त्यांतल्या पुष्कळांचे दुखणे घरातच सुरू झालेले होते. म्हणून सांगणे एवढेच, की सुरुवात महिनाभर आधी करू आणि रंग सगळ्यात शेवटी देऊ.

पहिले काम पत्र्याचे

आपल्या बहुतेक घरांवर लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा आहे. दुपारी असा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ती उष्णता खाली आपल्या डोक्यावर फेकतो. बाहेर पारा चाळिशीकडे गेला की पत्र्याखालची खोली भट्टी होते आणि संध्याकाळीही लवकर निवत नाही. घरात दिवसभर कोण असते? तान्हे मूल, बाळंतीण, म्हातारी माणसे, अंथरुणाला खिळलेला पेशंट. उष्माघात शेतातच होतो असे नाही. तो बंद खोलीतही होतो.

अहमदाबाद शहरात मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उन्हाळ्यासाठी स्वतंत्र आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. पांढरा रंग ऊन परतवतो, हे तर आपल्याला पांढऱ्या सदऱ्यावरूनही माहीत आहे. छप्पर पांढरे केले की खोलीतले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. पत्र्याखाली झोपणाऱ्या म्हातारीला हा फरक फार मोठा आहे.

म्हणून रंगाचे पैसे थोडेच असतील तर पहिला डबा छपराला द्या, भिंत पुढच्या वर्षी होईल. सिमेंटच्या स्लॅबवर चुन्यात डिंक मिसळून दोन हात दिले तरी उन्हाळा निघतो. लोखंडी पत्र्यावर चुना नीट धरत नाही. त्यासाठी दुकानात छपराचा, उष्णता परतवणारा पांढरा रंग मागा. आधी गंज घासून काढा, पत्रा धुऊन वाळू द्या आणि काम सकाळी लवकर करा.

यात दोन धोके आहेत. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो तारेच्या ब्रशने कोरडा घासू नका, कापू नका, त्याला भोके पाडू नका. त्यातून उडणारे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी उभा राहतो. असा पत्रा ओला करून मऊ कुंच्याने हलकेच पुसावा. दुसरे, या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. तो आवाज न करता फुटतो आणि माणूस खाली येतो. वाशांवर आडवी फळी टाकून त्या फळीवर बसूनच काम करा.

पत्र्यावर पाचट किंवा कडबा पसरला तरी खोली गार राहते, हे खरे आहे. पण एका ठिणगीत ते पेटते आणि त्यात उंदीर-विंचू घर करतात. त्यापेक्षा पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून हिरवी शेडनेट ताणा. आतून थर्माकोल लावू नका, तेही भडकन पेटते.

आणि पत्र्यावरचे ते दगड! एप्रिल-मे मध्ये वळीव आला की वारा आधी पत्र्याच्या कडेखाली शिरतो. हुक सैल असेल तर पत्रा दगडांसकट उडतो. प्रत्येक हुक आत्ताच आवळून घ्या, गंजलेला बदला आणि दगड खाली उतरवा.

भिंत: आधी ओल, मग रंग

कृष्णाकाठच्या वस्त्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. गावाच्या सखल बाजूला कोणाची घरे असतात, हे वेगळे सांगायला नको. पाणी ओसरले तरी भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत ओल आणि लोणा राहतोच. त्यावर ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते, दोन महिन्यांत फुगे येतात आणि मागे काळी बुरशी धरते. दमेकऱ्याला आणि लहान मुलांना ही बुरशी बाधते. लोण्याचा गिलावा खरवडून भिंत पंधरा दिवस उघडी वाळू द्या. या दिवसांची हवा कोरडी असते, वाळवायला यापेक्षा चांगला काळ नाही. मग खालच्या भागाला चुनाच द्या. चुन्यातून भिंत श्वास घेते.

जुना ऑइल पेंट खरवडताना भिंत ओली करून घ्या. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच असू शकते. त्याची धूळ जमिनीवर बसते, रांगते मूल हात तोंडात घालते आणि शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते. म्हणून खरवडण्याच्या दिवशी लहान मुले आणि गरोदर बाई शेजारी पाठवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कळीचा चुना भिजवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर बुबुळ जळते. पोरांना लांब ठेवा. डोळ्यात उडालाच तर चोळू नका, पापणी उघडी धरून वीस मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहा आणि मग दवाखाना गाठा. तूप, दूध, बोरिक असले काही घालू नका.

थंडीत खिडक्यांना आणि झरोक्यांना लावलेली पोती आता काढा. टीबीचे जंतू कोंदट, अंधाऱ्या खोलीत हवेत तरंगत राहतात. समोरासमोर दोन उघडी असली की वारा खेळतो आणि ते पातळ होतात. चुलीचा धूरही बाहेर पडतो. घरात कोणी टीबीची गोळी घेत असेल, तर ही पोती पहिल्या दिवशी निघाली पाहिजेत.

बॅरल: वाळला म्हणजे स्वच्छ झाला नाही

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागात उन्हाळा म्हणजे टँकर. इतर गावांतही नळ एक दिवसाआड होतो. मग परड्यात ठेवलेले रिकामे बॅरल बाहेर निघतात, विसळले जातात आणि भरले जातात. डेंग्यूची सुरुवात इथे होते.

डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलच्या आतल्या बाजूला चिकटवतो. पाणी संपले, बॅरल वाळला तरी ही अंडी मरत नाहीत. कित्येक महिने तशीच तग धरतात. मार्चमध्ये आपण बॅरल भरला की पाणी त्या अंड्यांपर्यंत पोचते आणि आळ्या बाहेर येतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणजे गेल्या पावसाळ्याचा डास आपणच बॅरलमध्ये जपून ठेवलेला असतो. नुसते विसळून तो जात नाही. काथ्याने किंवा ब्रशने आतली बाजू, विशेषतः वरचा कडेचा भाग, खरखरून घासा, ते पाणी जमिनीवर ओता आणि मग भरा.

पुढे दर आठवड्याला एक दिवस कोरडा पाळा. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी झाली, घासली गेली, की आळीचा डास होण्याआधीच तिचा खेळ संपतो. टँकरचे पाणी फेकवत नाही, हे मलाही कळते. तिथे बॅरलच्या तोंडाला जुने धोतर किंवा सुती साडी दुहेरी करून सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. आरोग्य सेवक ते फुकट देतात. टायर, फुटके डबे, कूलरचा तळ आणि फ्रिजच्या मागचा ट्रे हेही विसरू नका.

पिण्याचे पाणी: घरातले आपले, बाहेरचे ग्रामपंचायतीचे

पिण्याचा माठ तिवईवर ठेवा, त्याला झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. हात बुडाला की पाणी बाटले समजा, मग तो कोणाचाही हात असो. टाकीला टीसीएल घालायचे तर १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम. आधी बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. घरच्या हंड्यासाठी आशाताईंकडे मेडिक्लोर मागा आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच टाका.

पाणी दूषित होते ते बहुतेक वेळा वाटेत. गटारीतून गेलेली पाइपलाइन, तिचा सुटलेला सांधा, आणि त्यात कोणी नळाला थेट मोटर लावलेली. नळ जाण्याच्या वेळी मोटर ओढ घेते आणि सुटलेल्या सांध्यातून गटारीचे पाणी आत खेचले जाते. ते शेजारच्या चार घरांत पोचते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली. हातापायांतली ताकद जाऊन पेशंट व्हेंटिलेटरवर गेले. त्याचा संबंधही दूषित पाण्याशी जोडला गेला. शहरात झाले ते आपल्याकडे होणार नाही, असे मानू नका.

हे मात्र एकट्या बाईने घरात नीट केले म्हणून भागत नाही. आरोग्य विभाग एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. त्या पाहणीत वस्तीतला हातपंप आणि शेवटचा नळ धरला का, हेही विचारा. गावात वेशीजवळच्या नळाची ओटी टेस्ट होते आणि वस्तीच्या टोकाचा नळ तसाच राहतो. क्लोरीन संपते ते टोकालाच, म्हणून तपासणीही टोकाला व्हावी.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. गळका सांधा आणि तुंबलेली गटार यांसाठी अर्ज लेखीच द्या आणि त्याची पोच घ्या. २० मार्चला आपण महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आठवण काढतो. त्याच आठवड्यात वस्तीच्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचा अर्ज टाकला, तर १ मेच्या ग्रामसभेत त्याचे काय झाले ते विचारता येईल.

वायर: पंखा लावण्याआधी

थंडीभर बंद असलेला पंखा किंवा कूलर लावण्याआधी वायर डोळ्यांनी तपासा. या काळात उंदरांनी ती कुरतडलेली असते. लोखंडी पत्र्याच्या घरात सोललेली वायर पत्र्याला टेकली की सगळे घर करंटने भारते. त्याच पत्र्याला बांधलेल्या तारेवर ओले कपडे टाकताना बाई चिकटते. कपडे वाळवायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. वायर पत्र्यातून जाते तिथे प्लास्टिकची नळी घाला. फ्यूजमध्ये जाड तार घालून "आता उडत नाही" म्हणणे म्हणजे घराला आग लावायची सोय करणे.

कूलरमध्ये पाणी ओतताना पिन काढलेली असली पाहिजे, नुसते बटण बंद पुरत नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि जमेल तेव्हा शॉक लागताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवा. घराचा रंग एक वर्ष पुढे गेला तरी चालेल, पण हे पुढे ढकलू नका. जयंतीच्या रोषणाईलाही आकडा टाकू नका. मंडळाने महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी.

कोणी चिकटलेच तर हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा, नाहीतर कोरड्या लाकडाने दूर करा. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करून १०८ ला फोन करा.

भोके, सरपण आणि अंथरूण

या महिन्यांत कारखान्यांचे गाळप आटोपत येते. फड तुटले की त्यातले उंदीर आसपासच्या घरांकडे येतात आणि त्यांच्या मागे साप. थंडीत सुस्त पडलेले सापही आता हालचाल करू लागतात. आपली घरे फडाच्या आणि ओढ्याच्या कडेला, म्हणजे पहिला मुक्काम आपल्याकडेच.

भिंतीच्या बुडातली भोके काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी ठोका. सरपण, शेणी आणि विटांचा ढीग भिंतीला लावून रचू नका. तो दूर आणि जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. ढीग हलवताना हात घालण्याआधी काठी घाला.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते पित्त झाले. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणे दिसली, तर मण्यार समजूनच धावा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड अंथरुणाखाली चौफेर खोचा. डास आणि मण्यार, दोन्ही बाहेर राहतात.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. बांगड्या, जोडवी, अंगठी लगेच काढा, कारण सूज आली की निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा. तिथे सर्पदंशाचे औषध मोफत मिळते.

लाल विंचवाचा डंख लहान मुलाला जास्त घातक. दरदरून घाम, थंड हातपाय, सारखी उलटी आणि धाप ही लक्षणे दिसली की घरी थांबू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही गोळी यावर किती उपयोगी पडते हे दाखवून दिले आणि पुष्कळ जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती गोळी वेळेत मिळायला हवी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायला हवी. चप्पल, अंथरूण आणि दोरीवरचे कपडे झटकून वापरायची सवय मुलांना आत्तापासून लावा.

औषधांचा कोपरा

घरात कोणाला इन्सुलिन चालू असेल आणि फ्रिज नसेल, तर ते पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. उष्णतेने त्याची ताकद जाते, टोचूनही साखर उतरत नाही. मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू भरा, तिच्या मधोमध झाकणाचे छोटे मडके बसवा, आणि इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून त्यात ठेवा. कुंडी सावलीत, वाळू सतत ओली. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळा लागण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटावे. लघवी जास्त करणाऱ्या काही गोळ्यांनी उन्हात पाणी लवकर कमी होते. ओआरएसची चार पाकिटे घरात आणून ठेवा. कोणाचे अंग तापले आणि माणूस बरळायला लागला तर आधी ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, मग गाडी बोलवा.

कोणी, कधी

एवढे सगळे एकट्या बाईच्या डोक्यावर टाकायचे नाही. ती आधीच रोजगाराला जाते, पाणी भरते, स्वयंपाक करते. पत्रा आणि वायर पुरुषांनी घ्यावी, बॅरल पोरांनी घासावे. मार्चचा पहिला आठवडा पत्र्याला, दुसरा ओल आणि भोकांना, तिसरा पाण्याला व अर्जांना, चौथा विजेला. एप्रिलचे पहिले दहा दिवस रंगाला उरतात आणि ते पुरतात.

प्रत्येक वस्तीत दोन-चार घरे अशी असतात, जिथे पत्र्यावर चढायला कोणी नाही. एकटी विधवा असते, म्हातारे जोडपे असते, मुंबईला गेलेल्या मुलाची आई असते. जयंती मंडळाच्या पोरांनी वर्गणी मागायला जाताना या घरांची यादी करावी. कमानीच्या खर्चातला एक वाटा पांढऱ्या रंगाच्या डब्यांना काढावा आणि एका रविवारी विहारात जमून ही छपरे हातावेगळी करावीत. ज्यांचे घर कच्चेच आहे, त्यांचा रमाई आवासचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्यावा. घराचा उतारा नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे का, तेही बघावे.

मग चौदा एप्रिलला पुढची भिंत खुशाल निळी करा. तिच्या मागे बाळंतीण दुपारी शांत झोपलेली असली पाहिजे.